वाचकांचे प्रश्न : मुनवर गाडी पलटी का होते?

या महिन्यात बेळगाव, खानापूर, निपाणीकडून आलेले बरेच प्रश्न ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या संगणकावरच्या खेळातल्या रोव्हरबद्दल, म्हणजे ग्रह-चंद्रांवर चालवायच्या गाडीबद्दल आहेत. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच : कर्बिन हा यातला पृथ्वीसारखा ग्रह, मुन त्याचा चंद्र आणि मिनमस हा त्याहून लहान दुसरा चंद्र. रॉकेट आपणच जोडायचं, गाडीही आपणच बांधायची.

प्रश्न : स्पेस सेंटरच्या धावपट्टीवर माझा रोव्हर झकास पळतो. तोच मुनवर नेला की जरा वळवला तरी पलटी! चूक बांधणीत आहे की चालवण्यात?
– कॉलेज विद्यार्थी, टिळकवाडी

दोन्हीकडे थोडी थोडी आहे. मुनवर गुरुत्वाकर्षण १.६३ (मीटर प्रति सेकंद वर्ग), कर्बिनवर ९.८१. म्हणजे गाडीचं वजन सहापट घटलं, पण वस्तुमान तेवढंच राहिलं. वळवायला किंवा थांबवायला तेवढाच जोर लागतो आणि चाकांना जमिनीची पकड मात्र एकषष्ठांश मिळते. धावपट्टीवर जे वळण तुम्ही ताशी ४० किलोमीटरनं घेता, तेच मुनवर १६ च्या वर झेपत नाही. ब्रेक लावल्यावर थांबायला अंतरही सहापट लागतं.

आता बांधणी. गाडी नुसती घसरेल की उलटेल हे गुरुत्वाकर्षणावर ठरत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर मोजा आणि निम्मं करा. गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची या निम्म्याहून बरीच कमी असली तर गाडी आधी घसरते, आणि घसरलेली गाडी सावरता येते. चाकांमध्ये २ मीटर अंतर आणि गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर, हे प्रमाण उत्तम. हँगरमध्ये गुरुत्वमध्याचं पिवळं-काळं चिन्ह चालू ठेवूनच गाडी बांधा. बॅटऱ्या आणि टाक्या तळाला, अँटेना आणि उपकरणं हलकी तेवढीच वर.

एवढं करूनही उलटत असेल तर चाकावर राइट-क्लिक करून फ्रिक्शन कंट्रोल, म्हणजे चाकाची पकड, ऑटोवरून काढा आणि कमी करा. पकड वाढवली की गाडी सुरक्षित होते असं वाटतं, पण जास्त पकडीची गाडी घसरायच्या ऐवजी उलटते. मागच्या चाकांचं स्टीअरिंग बंद ठेवा. पुढच्या चाकांचा ब्रेक मागच्यांपेक्षा कमी ठेवा, नाहीतर तोंडावर पडाल.

प्रश्न : मी दहावीत आहे. डब्ल्यू दाबलं की माझ्या रोव्हरची मागची चाकं उचलतात आणि तो कोलांटी मारतो. मोटर जास्त ताकदीची झाली का?
– निपाणी

नाही, मोटरचा दोष नाही. मोटरनं गाडी उचलली तर नेहमी तोंड वर होतं. आपल्याकडे शेतात जड नांगर ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, म्हणून पुढे लोखंडी वजनं लावतात, ते तू पाहिलं असशील. तुझ्या गाडीचा मागचा भाग उचलतोय, म्हणजे हे रिअॅक्शन व्हीलचं, यानाला जागच्या जागी फिरवणाऱ्या आतल्या चाकाचं काम आहे. खेळात डब्ल्यू हे एकच बटण चाकं पुढे फिरवतं आणि यानाचं नाक खालीही दाबतं. कर्बिनवर वजनामुळे ते जाणवत नाही. मुनवर लगेच कोलांटी.

उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये इनपुटमध्ये जा आणि चाकांची बटणं वेगळी कर. आय, जे, के, एल किंवा नंबरपॅड, जे हाताला सोयीचं असेल ते. रिअॅक्शन व्हील काढून मात्र टाकू नकोस, ते कशाला लागतं हे खानापूरच्या उत्तरात येईल. सपाटीवर एसएएस (यानाची दिशा आपोआप स्थिर धरणारी यंत्रणा) बंद ठेव. चालू असलं की ते आधीची दिशा धरून बसतं आणि चढ-उतारावर चाकं जमिनीला टेकू देत नाही.

आणखी एक : रोव्हर रॉकेटच्या उभ्या इमारतीत न बांधता स्पेसप्लेन हँगरमध्ये बांध. तिथे प्रोब कोअरचं, म्हणजे चालकाविना गाडी चालवणाऱ्या भागाचं तोंड पुढे असतं आणि चाकं आरशासारखी दोन्ही बाजूंना बसतात. उलटं फिरणारं चाक शोधत बसावं लागत नाही.

प्रश्न : साध्या लॅपटॉपवर रोव्हर अडखळत चालतो. काय करू?
– चिकोडी

भाग कमी करा. खेळ प्रत्येक भागाचा हिशेब वेगळा करतो, त्यामुळे दहा छोट्या बॅटऱ्यांपेक्षा एक मोठी बरी. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं घड्याळ हिरव्याचं पिवळं झालं तर प्रोसेसर मागे पडलाय असं समजा.

प्रश्न : मुनवर खड्डेच खड्डे. मजेत गाडी हाणायला जागा कुठली?
– खानापूर

मिनमस! तिथली फिकट हिरवी मैदानं मैलोन्‌मैल गुळगुळीत आहेत, आणि त्यांच्या कडेचे उंचवटे उडीसाठीच बनवल्यासारखे. गुरुत्वाकर्षण फक्त ०.४९. सेकंदाला २० मीटर वेगानं १५ अंशाच्या चढावरून सुटलात तर कर्बिनवर २० मीटरांवर पडाल, मुनवर सव्वाशे मीटरांवर. मिनमसवर तीच उडी ४०० मीटरांची होते आणि गाडी २१ सेकंद हवेत राहते. हवेत म्हणायचं एवढंच, हवा तिथे नाहीच.

हे २१ सेकंद म्हणजे या खेळातला सगळ्यात सुंदर तुकडा. खाली हिरवं मैदान सरकतंय, गाडी संथपणे तिरकी होतेय, आणि तुम्ही रिअॅक्शन व्हीलनं ती सरळ करताय. एसएएस लावा आणि गाडीचा तळ उतरायच्या जागेच्या उताराशी समांतर करा. चाकं सरळ ठेवा. ब्रेक दाबलेला असेल तर टेकण्याआधी सोडा, कारण अडकलेली चाकं टेकताच गाडी पुढे उलटते.

सपाटीवर उतरलात तर धक्का सेकंदाला पाच मीटरांचा, म्हणजे कर्बिनवर सव्वा-दीड मीटरावरून पडल्याइतका. तो चाकं सोसतात. खोल दरीत उतरलात तर वेग वाढतो आणि चाक फुटतं. टेकल्यावर गाडी चेंडूसारखी उसळत असेल तर चाकाची स्प्रिंग कमी आणि डॅम्पर (उसळी शोषून घेणारा) जास्त करा. वेळ चौपट करून उडी मारू नका, त्या वेगात हिशेब ढोबळ होतो आणि धडधाकट चाकंही फुटतात. प्रत्येक उडीआधी एफ५ दाबून जागा साठवा. फसलं तर एफ९ दाबून धरा.

प्रश्न : उद्यमबागेत लेथवर काम करतो. खऱ्या चंद्रावरच्या गाडीची मापं मिळाली तर खेळात तशीच बांधेन.
– बेळगाव

घ्या. अपोलो १५ नं जुलै १९७१ मध्ये नेलेली पहिली गाडी पृथ्वीवर २१० किलोची होती. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये २.३ मीटर, डाव्या-उजव्यांमध्ये १.८३ मीटर. चाकं ८१ सेंटिमीटर व्यासाची, रबराची नव्हे तर जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेनं विणलेली आणि वर टायटॅनियमच्या पट्ट्या. प्रत्येक चाकाला पाव अश्वशक्तीची स्वतंत्र मोटर. पुढची आणि मागची दोन्ही चाकं वळायची. खेळात मात्र मागचं वळण बंद ठेवूनच सुरुवात करा.

मडगार्ड खेळात लागत नाहीत, कारण धूळ नाही. खऱ्या गाडीला ते फार लागायचे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या गाडीच्या उजव्या मागच्या मडगार्डचा तुकडा हातोडीत अडकून निघाला आणि चाकाची धूळ अंतराळवीरांवर उडू लागली. त्यांनी चार नकाशे टेपनं एकत्र चिकटवले आणि दिव्याच्या क्लॅम्पनी तो जोड मडगार्डच्या जागी धरून बसवला.