शेअर बाजार शिकायचाय? आधी ट्रंक उघडा

प्रश्न : मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेअर बाजारात करिअर करायचं म्हणते आणि ऑप्शन ट्रेडिंगचा ४० हजारांचा ऑनलाइन क्लास लावायचा हट्ट धरून बसली आहे. मला हा सगळा सट्टाच वाटतो. माझ्या वडिलांचे कागदी शेअर ट्रंकेत पडून आहेत, त्यांचंही काय करायचं ते आम्हाला कळलेलं नाही. – एक पालक, बार्शी

उत्तर : क्लासचे पैसे भरू नका, पण मुलीला अडवूही नका. तुमची भीती रास्त आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांमध्ये उतरलेले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. मात्र ट्रेडिंग वेगळं आणि बाजारातली नोकरी वेगळी. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांची इथेच गल्लत होते.

समजा, तुम्ही दहा शेअर घेतले. विकणारा कोण, कुठला, तुम्हाला ठाऊक नसतं. तरी पैसे बुडत नाहीत, कारण मध्ये सौदे पुरे करून देणारी क्लिअरिंग कॉर्पोरेशन हमी घेऊन उभी असते. सौद्यानंतरच्या पुढच्याच कामाच्या दिवशी शेअर डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात, जमा होतात. जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना हीच मुदत आहे. त्या एका दिवसात मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) तपासणारे, पे-इन आणि पे-आउट (पैसे-शेअरची जमा आणि वाटप) जुळवणारे, कम्प्लायन्स (नियमांचं पालन) बघणारे किती हात राबतात! बी.कॉम. झालेल्या मुलांना इथे खरी दारं उघडी आहेत.

तिला कुणाची तरी एक कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालाने दिलेलं सौद्याचं बिल, मिळवून द्या. दलाली, एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर), मुद्रांक शुल्क, जीएसटी, सेबी शुल्क... यातला प्रत्येक रुपया कुणाच्या खिशात जातो ते तिने शोधावं. एसटीटी केंद्राकडे जातो, मुद्रांक शुल्क खरेदीदाराच्या राज्याकडे. बाकीचं तिचं तिलाच सापडू दे.

आणि ती ट्रंक! आजोबांचे शेअर हाच तिचा पहिला प्रकल्प. प्रमाणपत्रावरचा फोलिओ नंबर बघायचा, कंपनीचं नाव बदललंय का, ती दुसरीत विलीन झाली का ते तपासायचं, तिचा रजिस्ट्रार, म्हणजे भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था, शोधायची. मग मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं जोडून ट्रान्समिशनचा, म्हणजे शेअर वारसांच्या नावे करण्याचा अर्ज. लाभांश सलग ७ वर्षं कुणी घेतला नसेल, तर शेअर आयईपीएफ या सरकारी गुंतवणूकदार निधीकडे गेले असतील. तेही अर्ज करून परत मिळतात. महिने लागतील, पत्रं परत येतील, सही जुळत नाही म्हणतील. यातून ती जे शिकेल ते कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत. हेच काम लोक फी घेऊन करून देतात.

सोबत एनआयएसएमची ‘सिक्युरिटीज ऑपरेशन्स अँड रिस्क मॅनेजमेंट’ ही परीक्षा द्यावी. एनआयएसएम ही शेअर बाजाराचं शिक्षण देणारी सेबीचीच संस्था, रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला तिचा परिसर आहे. मुंबईला जायचं नसेल तर म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा देऊन बार्शीतही काम उभं राहतं, पण त्याला ओळखी आणि धीर लागतो.

मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणा मध्यस्थाच्या हाती देऊ नका, लॅमिनेटही करू नका. आजच त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा.