अमेरिकेतल्या क्लामथ नदीवरची धरणं पाडली, सॅमन मासे परतले. मग रँचवाल्यांशी, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या शेतमालकांशी, पाण्याचं भांडण अजून कशासाठी चालू आहे? सरकार त्यांचं पाणी सरळ विकत का घेत नाही?

मी दक्षिण ओरेगनमध्ये राहतो. पाटांतला आणि ओढ्यांतला प्रवाह मोजणं हा माझ्या कामाचा भाग आहे, आणि त्यासाठी हद्द ओलांडून कॅलिफोर्नियातल्या सिस्कियू काउंटीत जाणं-येणं असतं. त्यामुळे दोन्ही बाजूंचं बरंच ऐकून घ्यावं लागतं. माझा कल माशांकडे आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला तेवढी सूट देता येईल.

आधी धरणांचा गैरसमज दूर करू. 2023 आणि 2024 मध्ये क्लामथवरची जी चार धरणं काढली ती विजेसाठी बांधलेली होती. त्यांतून शेतीला पाणी जात नव्हतं, त्यामुळे ती गेल्याने कुणाचा पाट कोरडा पडला नाही. माशांनीही वेळ लावला नाही; ऑक्टोबर 2024 मध्येच चिनूक सॅमन वर ओरेगनपर्यंत पोचले. पण तुम्ही ज्या भांडणाबद्दल विचारताय ते स्कॉट आणि शास्ता या उपनद्यांवरचं आहे, आणि या दोन्ही नद्या पाडलेल्या धरणांच्या खालच्या अंगाला क्लामथला मिळतात. तिथल्या माशांच्या वाटेत ती धरणं कधी आलीच नव्हती. तिथलं दुखणं निराळं आहे.

ते समजायला कोहो नावाचा सॅमन बघावा लागतो. चिनूकची बहुतेक पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर काही महिन्यांत समुद्राची वाट धरतात. कोहोचं पिल्लू मात्र वर्षभराहून जास्त काळ ओढ्यातच राहतं, म्हणजे एक अख्खा उन्हाळा त्याला तिथे काढावा लागतो. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतोच. जे काही वाहतं ते डोंगरावरचं वितळलेलं बर्फ आणि झरे. नेमक्या त्याच दिवसांत लसूणघासेला आणि कुरणांना पाणी हवं असतं. ऑगस्टमध्ये ओढा तुटून डोह-डोह उरतात, डोहातलं पाणी तापतं, आणि पाणी 25 अंशांच्या आसपास गेलं की कोहोची पिल्लं मरायला लागतात. 1997 मध्ये या भागातल्या कोहोला केंद्रीय कायद्याखाली धोक्यातली प्रजात म्हणून संरक्षण मिळालं. तिथून रँचवाल्यांच्या दारात सरकारी गाड्या यायला लागल्या.

ओढ्यांची ही अवस्था एकट्या रँचवाल्यांनी केलेली नाही, आणि हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. स्कॉट खोऱ्यात एकेकाळी इतके बीव्हर (फांद्या-मातीचे बांध घालून ओढे अडवणारे प्राणी) होते की त्याला बीव्हर व्हॅली म्हणत. 1830 च्या दशकात कातड्याच्या व्यापाऱ्यांनी ते मारून साफ केले. मग सोनं निघालं. पुढे विसाव्या शतकात कॅलहन गावाजवळ सोन्यासाठी अवाढव्य ड्रेजरनी, म्हणजे गाळ उपसणाऱ्या यंत्रांनी, नदीचं पात्र खणून उलटंपालटं केलं. ते दगडगोट्यांचे ढीग आजही काही मैल पसरलेत आणि उन्हाळ्यात नदी त्यांच्याखाली गडप होते. शिवाय 1938 मध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी पुराच्या बंदोबस्तासाठी काठची झाडं काढून नदी सरळ केली. सरळ केलेली नदी पात्र खोल खणत जाते, आणि पात्र खोल गेलं की बाजूच्या जमिनीतलं पाणीही खाली उतरतं.

आता सुधारणा म्हणून जे चाललंय त्यातलं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे बीव्हरच्या बांधांची नक्कल. कॅलिफोर्नियात ते पहिल्यांदा 2014 च्या सुमारास याच खोऱ्यात झालं. पात्रात आडवी रांग धरून लाकडी खुंट यंत्राने ठोकतात. मग त्यांच्यामधून वाळुंजाच्या ओल्या फांद्या टोपली विणावी तशा गुंफतात, आणि वरच्या अंगाने बुंध्याशी माती, गवत, गोटे पायाने दाबत जातात. पाणी अडतं पण थांबत नाही. फटींतून झिरपत राहतं. पाठीमागे गुडघा-मांडीभर पाणी साठलं की ते बाजूच्या जमिनीत शिरतं आणि बांधाच्या खाली गोट्यांतून गार होऊन बाहेर येतं. तिथे हात घातला तर वरच्या पाण्यातला आणि या पाण्यातला फरक थर्मामीटरशिवाय कळतो. पिल्लं बरोबर तिथेच गोळा झालेली असतात. शुगर क्रीकवर तर खऱ्या बीव्हरांनी येऊन माणसांच्या बांधांचा ताबा घेतला आणि डागडुजी स्वतःकडे घेतली. गंमत अशी की या कामात सुरुवातीला परवानग्यांची अडचण रँचवाल्यांपेक्षा मत्स्यखात्याकडूनच जास्त होती. बांध घातला तर मासे वर कसे जातील, हा त्यांचा प्रश्न होता.

अशा कामांना बरेच रँचवाले जागा देतात. काठाला कुंपण घालून गुरांसाठी बाहेर पाण्याची टाकी देणं, पाटाच्या तोंडाशी जाळी बसवून पिल्लं शेतात जाऊ न देणं, यालाही हरकत नसते, विशेषतः पैसे बाहेरून येत असतील तर. शास्ताच्या बाजूला बिग स्प्रिंग्ज ओढ्यात जमिनीतून बारमाही गार पाणी येतं. तिथे गुरं ओढ्यातच चरायची. एका निसर्गसंवर्धन संस्थेने 2009 मध्ये ती रँच घेतली, गुरं बाहेर काढली. पाणवनस्पती वाढल्या, त्यांची सावली पडली आणि पाण्याचं कमाल तापमान काही अंशांनी उतरलं.

पण डोह कितीही छान केला, तरी त्यात पाणी लागतं. इथे बोलणी फिसकटतात.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे पाण्याचा हक्क मुख्यतः ज्येष्ठतेवर चालतो: ज्याने आधी पाणी वळवलं त्याचा नंबर आधी. दुष्काळात 1860 च्या हक्कवाल्याला पूर्ण पाणी मिळतं आणि 1950 वाल्याला थेंबही मिळत नाही, असं होऊ शकतं. शिवाय सलग 5 वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क जाण्याची भीती. त्यामुळे गरज नसली तरी पाटाची फळी उघडी ठेवण्याकडे कल असतो. शास्ताचं वाटप कोर्टाने 1932 मध्ये ठरवलं, स्कॉटचं 1980 मध्ये. रँचची किंमत, बँकेचं कर्ज, मुलाला काय द्यायचं, सगळं त्या हुकूमनाम्यातल्या आपल्या ओळीवर अवलंबून असतं. स्कॉटच्या हुकूमनाम्यात वनखात्याच्या नावावर माशांसाठीही प्रवाह आहे, पण कित्येक उन्हाळ्यांत तो भरतच नाही.

आकडा किती म्हणाल? 2021 मध्ये दुष्काळात राज्याच्या जलमंडळाने आणीबाणीचा नियम केला, त्यात स्कॉट नदीत ऑगस्टसाठी किमान 30 क्युसेक ठरवले. पावसाळ्यात खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक सोडले अशा बातम्या वाचणाऱ्या आपल्याला हे हसण्यासारखं वाटेल. 30 क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 850 लिटर. त्यासाठी खोऱ्यातले बहुतेक पंप आणि पाट बंद करायची पाळी येते. विहिरीवाल्यांना एक सवलत होती: उपसा 30 टक्क्यांनी कमी करण्याचा करार केला तर पूर्ण बंदी टळत होती. बऱ्याच जणांनी तो केला.

शास्ताच्या बाजूला गोष्ट चिघळली. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या एका सिंचन संघटनेने जलमंडळाला पत्र लिहून कळवलं की आमची तळी आटलीत, गुरं तहानलीत, आम्ही पंप सुरू करतोय. आणि केले. नदीचा प्रवाह एकदम जवळपास दोन तृतीयांशाने घटला. आठ दिवस हे चाललं. दंड झाला दिवसाला 500 डॉलर, एकूण 4,000. सभासदांत वाटला तर माणशी पन्नासेक डॉलर. खाली राहणाऱ्या कारुक आणि युरोक या आदिवासी जमातींचं जगणं, सणवार, जेवण सगळं सॅमनशी बांधलेलं. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. 2024 मध्ये कायदा बदलून हा दंड दिवसाला 10,000 डॉलरपर्यंत नेला. माझ्या मते तो आधीच बदलायला हवा होता. पण गुरांचा मुद्दा खोटा नव्हता. त्या कुरणांना सरावलेला कळप एकदा विकला की पुन्हा उभा करायला वर्षं जातात.

जिथे रँचवाल्यांची बाजू मला लंगडी वाटते ती जागा वेगळी आहे. शरद आणि हिवाळ्यात शेताला पाणी नको असतं, तरी गुरांना पिण्यासाठी म्हणून मैलोन्मैल मातीच्या पाटांतून पाणी सोडतात. वाटेत बहुतेक जिरतं. नियमाने बंदी घातली ती कशावर? वळवलेल्या पाण्यापैकी 10 टक्केसुद्धा गुरांपर्यंत पोचत नसेल अशा पाटांवर. नेमके तेच दिवस सॅमन अंडी घालायला वर चढण्याचे. एक लहान विहीर आणि टाकी यात भागतं.

उलट, कार्यक्षम सिंचन म्हणजे माशांचं भलं, हे समीकरणही इथे सरळ चालत नाही. पूर्वी पाटाचं पाणी शेतभर मोकळं सोडायचे. त्यातलं बरंच मुरायचं आणि उशिरा नदीत परतायचं. पुढे विहिरी आणि तुषार सिंचन आलं. पाटावरचा भार घटला, पण मुरणंही घटलं आणि उपसा वाढला. उन्हाळ्याच्या शेवटी स्कॉटचा प्रवाह पूर्वीपेक्षा घसरला आहे. त्यात बर्फ कमी पडण्याचा वाटा किती आणि पंपांचा किती, यावर बैठकींत तासन् तास वाद होतात. आता हिवाळ्यात पाटांतून मुद्दाम शेतांत पाणी मुरवण्याचे प्रयोग 2016 पासून झालेत, आणि त्यात रँचवाले उत्साहाने उतरतात.

भूजलावरून कोर्टातही लढाई झाली. 2018 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने स्कॉट नदीच्याच खटल्यात निकाल दिला की नदी ही लोकांची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे, आणि तिला आटवणारा विहिरींचा उपसाही या तत्त्वाखाली येतो. याचं मूळ कॅलिफोर्नियातल्याच मोनो सरोवराच्या पाण्यावरून लागलेल्या 1983 च्या निकालात आहे. आपल्याकडे बियास नदीकाठच्या रिसॉर्टवरून गाजलेल्या कमलनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये हेच तत्त्व भारतीय कायद्यात आणलं, तेव्हा त्या मोनो निकालाचा आधार घेतला होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, विकत घेण्याचा. घेतात. स्कॉट खोऱ्यात 2007 पासून एक वॉटर ट्रस्ट आहे. उन्हाळ्याच्या शेवटी रँचवाल्याला पैसे देऊन काही आठवडे पाट बंद ठेवायला सांगतो. मालकाला आपला हक्क माशांसाठी रीतसर नदीत ठेवण्याचीही कायद्यात सोय आहे, आणि तसं केलं तर वापर नाही म्हणून हक्क जात नाही. बऱ्या वर्षी हे छान चालतं. पण मोठ्या दुष्काळात चाऱ्याचा भाव चढतो आणि ट्रस्टचा दर कमी पडतो. वर एकाने सोडलेलं पाणी खालच्याने उचललं, तर रीतसर नोंद नसताना त्याला अडवता येत नाही. कायमचा हक्क विकायला फारच थोडे तयार होतात. पाणी गेलेल्या रँचला पुढे गिऱ्हाईक कोण? आणि ज्याच्याकडे विहीर आहे तो पाट बंद ठेवण्याचे पैसे घेऊन विहिरीवर तेच शेत भिजवू शकतो. ते टाळायला विहिरीवर मीटर हवा. मीटर म्हणजे उद्याच्या बंदीची तयारी, असं तिथे अनेकांना वाटतं, त्यामुळे पाणी विकत घेण्याचा सौदा सध्या तरी पाटाच्या पाण्याच्या फार पुढे जात नाही.