प्लेगात गेलेल्या पणजोबांचा शोध

'पणजोबा प्लेगात गेले' एवढंच कानावर आलं असेल, तर आधी साल पक्कं करा. मुंबईत प्लेग १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत उघड झाला, १८९७च्या सुरुवातीला पुण्यात पसरला आणि पुढे कित्येक वर्षं गावोगाव परत परत येत राहिला. १९१८च्या इन्फ्लुएन्झात गेलेल्यांनाही घरोघरी 'साथीत गेले' असंच म्हणतात. आजोबा पोरके झाले तेव्हा केवढे होते, हे थोरल्यांना आजच विचारा. ती माणसं आहेत तोवरच हे कळेल.

मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून गावाचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूंची नोंदवही (गाव नमुना १४), मागा. जुनी पानं बहुतेक मोडी लिपीत असतात. जाणकार सोबत न्या. कारणाच्या रकान्यात नुसतं 'ताप' दिसलं तरी पुढे जाऊ नका. घरझडती आणि सक्तीच्या विलगीकरणाच्या धास्तीनं लोक दुखणं लपवत. त्यापेक्षा आजूबाजूच्या नोंदी वाचा: एकाच घरातले दोघं-तिघं आठवड्याभरात गेलेले दिसले, की साथ ओळखावी. बायकांची नोंद कधी कधी नुसती 'अमक्याची बायको' अशी असते, म्हणून नवऱ्याच्या नावावरूनही शोधा.

गावात नोंद नाहीच मिळाली, तर आजोळच्या गावचं कोतवाल बुक बघा. साथ आली की माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालत, नाहीतर नातेवाइकांकडे जात. जमीन असेल तर वारसाचा फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावे झाल्याची नोंद, काढा, फक्त त्याची तारीख मृत्यूनंतर बरीच उशिराची असू शकते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही जरूर पाहा; त्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं लिहिलेली असतात.