भडकाऊ लिखाण आवरायला छापण्याआधीच सरकारी तपासणी ठेवली तर काय बिघडलं?

पुष्कळ बिघडतं. आमच्या गोव्याने ते भोगलंय. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडून पास करून आणावी लागे. वधूवरांची नावं, मुहूर्त, 'अगत्य येण्याचे करावे', यात राजद्रोह कुठला हो? पण कात्री एकदा हातात दिली की ती कुठवर चालेल हे आपण ठरवू शकत नाही. १८ जून १९४६ ला मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली ती याच नागरी हक्कांसाठी. पुढे १९५५ पासून गोंयकारांना खऱ्या बातम्या ऐकवायला हद्दीपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवावा लागला. कुणी खोटं छापलं तर बदनामीचा कायदा आहेच, खेचा कोर्टात. तिथे निदान दोन्ही बाजू उघड ऐकल्या जातात. कापलेली ओळ मात्र कुणालाच दिसत नाही.