हॅच लावल्यावर आतलं कोण बघणार

अरे दोस्ता,

पत्र मिळालं. टायगर 1 या जर्मन रणगाड्याचं फुल इंटिरियर किट (आतल्या सगळ्या भागांसकट जोडायचं प्लास्टिकचं मॉडेल) घेतलंस, तीन आठवडे नुसतं इंजिन रंगवतोयस आणि आता विचारतोयस की हे सगळं झाकलंच जाणार आहे तर रंगवायचं कशाला. प्रश्न बरोबर आहे, फक्त तीन आठवडे उशिरा पडलाय.

आता ब्रश खाली ठेव आणि एक कर. काहीही न चिकटवता वरचा हल (रणगाड्याचं धड) टेपने बसव, टरेट (वरचा फिरता बुरूज) ठेव, जी हॅच (आत शिरायचं झाकणाचं दार) शेवटी उघडी ठेवणार आहेस तेवढीच उघड आणि खोलीतल्या नेहमीच्या दिव्यात आत बघ. टॉर्च घेऊ नकोस, तुझं मॉडेल बघायला येणारा माणूस खिशात टॉर्च घेऊन येत नाही. खरी हॅच साधारण 50 सेंटीमीटरची धर, 1/35 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, ती होते 14 मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठं भोक, आणि 1/72 असेल तर 7 च मिलिमीटर. त्यातून उजेड जाणार किती आणि गेलेला परत येणार किती? वर त्या भोकात कमांडर उभा केलास की विषयच संपला.

दिसतं काय तर सीटची कड, तोफेच्या ब्रीचचा (गोळा भरतात त्या मागच्या टोकाचा) वरचा भाग, समोरच्या भिंतीचा बोटभर पट्टा. आणि हॅचच्या झाकणाची आतली बाजू, जिच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. अमेरिकन शर्मन रणगाड्याचं आतलं पांढरं असायचं पण हॅचची आतली बाजू ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवी, कारण झाकण उघडल्यावर पांढरा ठिपका लांबून दिसला असता. लोक काय करतात, आतला पांढरा मारतात आणि त्याच हाताने झाकणही पांढरं करून टाकतात. म्हणजे जे कुणाला दिसणार नाही ते अगदी बरोबर आणि जे सगळ्यांना दिसतं तेच चुकलेलं! हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे पट्टे असलेली लष्करी गाडी) किंवा उघड्या टरेटची गाडी असेल तर मात्र प्रश्नच नाही, तिथे आतलं हेच बाहेरचं, पूर्ण रंगव.

तुला गंमत सांगतो, तामिया या जपानी मॉडेल कंपनीने 1961 च्या सुमारास पँथर रणगाडा काढला तो मोटरवर चालणारा होता आणि 1/35 हा आकडा आला तोच मुळात पोटात बॅटऱ्या मावाव्यात म्हणून. त्या जमान्यातल्या किटांच्या आत रंगवायला असतंय काय, उलट ट्रॅकच्या (चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याच्या) वरच्या बाजूला हल उघडाच असतो आणि हॅचमधून बघितलं तर थेट टेबल दिसतं. तिथे प्लास्टिक कार्ड (पातळ प्लास्टिकचा तुकडा) कापून फटी बुजवायच्या, आत मॅट काळा मारायचा, झालं. त्याला कुणी आळशीपणा म्हणत नाही.

आता माझं ऐक. माझं पहिलं फुल इंटिरियर शर्मनचं. एकूण एक तोफगोळा रंगवला, प्रत्येकावर पट्टी ओढली, रॅकवर रंगाचे तीन थर दिले आणि मग वरचा हल बसेचना, कारण अशा किटमध्ये जागा केसाएवढी असते आणि रंगालाही जाडी असते हे डोक्यातच आलं नाही. रबरबँड लावून रात्रभर दाबून ठेवलं. सकाळी बसलं होतं, उचललं तर आत खुळखुळ! एक गोळा रॅकमधून सुटला होता. प्लास्टिकचा ग्लू प्लास्टिक विरघळवून जोडतो, रंगावर लावला की तो नुसता रंगाला धरतो, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून जोडाच्या जागी आधी मास्किंग टेप, नाहीतर नंतर ब्लेडने खरवडणं. ते मॉडेल अजून खुळखुळतं, पाहुणे विचारतात आत काय वाजतंय, तेवढंच त्या इंटिरियरचं दर्शन होतं त्यांना.

म्हणजे रंगवू नको असं म्हणतोय का? नाही. ते गोळे रंगवताना मला मजा आली होती, खोटं कशाला बोलू. मजा येत असेल तर बिनधास्त रंगव, बंद करायच्या आधी फोटो काढून ठेव. पण तुझ्या पत्रात मजा कुठे दिसली नाही. किटमध्ये दिलंय म्हणून रंगवलंच पाहिजे असा सूर आहे, आणि त्याच सुरात लोकांची अर्धवट किटं वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहतात.

टायगरमध्ये 88 मिलिमीटरचे 92 गोळे असायचे, बरेचसे हलच्या दोन्ही कडांना. ते तुला टरेट काढलं तरी धड दिसणार नाहीत, त्यामुळे त्यांना एक बेस कोट आणि बास. ब्रीच, सीट आणि टरेटची आतली भिंत मात्र नीट कर, वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) जरा गडद दे, अंधारात हलका वॉश गायब होतो. आणि इंजिन झालंच आहे तर मागचं डेक (इंजिनावरचं झाकण) चिकटवू नकोस, नुसतं बसवून ठेव म्हणजे उचलून दाखवता येईल. त्यासाठी तरी जोड आधी तपास, डेक घट्ट बसलं तर काढताना ग्रिल तुटते.

टेप लावून बसवलंस की हॅचमधून एक फोटो काढून पाठव, बघू किती दिसतंय.

तुझा,
खुळखुळणाऱ्या शर्मनचा मालक