टर्मिनलवरून मेलिंग लिस्ट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न मेलिंग लिस्ट चालवणाऱ्या मेलमन या सॉफ्टवेअरच्या २.१ आवृत्तीबद्दल आहेत. मंडळे, संस्था, माजी विद्यार्थी संघ यांच्या सर्व्हरवर ही आवृत्ती अजूनही भेटते. कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, अंडरस्कोरसकट टाइप कराव्यात. डेबियनवर त्या /यूएसआर/लिब/मेलमन/बिन मध्ये असतात, सोर्सवरून बसवलेल्या मेलमनमध्ये /यूएसआर/लोकल/मेलमन/बिन मध्ये.

प्रश्न: आमच्या मंडळाची सदस्ययादी दरवर्षी एक्सेलमध्ये नव्याने तयार होते. ती लिस्टवर चढवायला सिंक_मेंबर्स वापरली तर चालेल का?

चालेल, पण आधी तिचा स्वभाव समजून घ्या. फाइलमध्ये जो पत्ता नाही, तो ही कमांड लिस्टवरून काढून टाकते. एक्सेलमध्ये फिल्टर लावलेला राहिला आणि दोनशेपैकी ऐंशीच ओळी फाइलमध्ये आल्या, तर एकशेवीस जण बाहेर. निरोपाच्या मेलची सेटिंग मुळात चालू असते, त्यामुळे त्या प्रत्येकाला सदस्यत्व रद्द झाल्याचे पत्रही जाते. पत्ते पुन्हा घालता येतात. पण कोणी डायजेस्ट (अनेक मेल एकत्र) घेत होते, कोणी गावी जाताना मेल थांबवून ठेवली होती, त्या सगळ्या निवडी गेलेल्या असतात.

म्हणून पहिली पायरी म्हणजे /वार/लिब/मेलमन/लिस्ट्स मधल्या तुमच्या लिस्टच्या फोल्डरमधली कॉन्फिग.पीसीके ही फाइल 'सीपी -पी' ने दुसरीकडे ठेवा. सदस्य, त्यांच्या निवडी आणि लिस्टच्या सेटिंग या एकाच फाइलमध्ये असतात. शेजारी कॉन्फिग.पीसीके.लास्ट दिसते, तिच्यावर विसंबू नका. लिस्ट सेव्ह होते तेव्हा प्रत्येक वेळी ती बदलते, आणि चूक लक्षात येईपर्यंत तिच्यातही नवी यादीच असते.

मग फाइल साफ करा. एका ओळीत एक पत्ता, नाव हवे असेल तर नाव आणि कोनी कंसात पत्ता. एक्सेलमधून आलेल्या फाइलच्या सुरुवातीला बीओएम हे न दिसणारे चिन्ह आणि ओळींच्या शेवटी विंडोजचे कॅरेज रिटर्न असू शकतात. 'डॉसटूयुनिक्स' दोन्ही काढते. पत्ता अवैध वाटला तर सिंक_मेंबर्स तो दाखवून थांबते आणि काहीच बदलत नाही, हे बरेच. 'डब्ल्यूसी -एल' ने ओळी मोजा आणि सध्याचे सदस्य छापणाऱ्या लिस्ट_मेंबर्सच्या आउटपुटमधल्या ओळींशी ताडून पाहा.

आता सिंक_मेंबर्सला -एन द्या. हा कोरडा सराव आहे: कोण येणार, कोण जाणार ते छापले जाते, लिस्टला हात लागत नाही. 'रिमूव्ह्ड' च्या ओळी एकेक करून वाचा. त्यात कोणाचा जुना पत्ता आणि 'ॲडेड' मध्ये त्याच माणसाचा नवा पत्ता दिसला, तर त्याचे काम सिंकवर सोडू नका. क्लोन_मेंबर -आर ला आधी जुना, मग नवा पत्ता द्या. निवडी आणि पासवर्डसकट सदस्य नव्या पत्त्यावर जातो.

सगळे पटल्यावरच -एन काढून कमांड चालवा आणि सोबत -डब्ल्यू=नो -जी=नो -ए=नो द्या, म्हणजे स्वागत, निरोप आणि व्यवस्थापकाला सूचना या तिन्ही मेल जाणार नाहीत. ॲड_मेंबर्समध्ये मात्र याच गोष्टीसाठी नुसते -डब्ल्यू एन लिहावे लागते. या फरकावर खूप जण अडतात.

प्रश्न: काही सदस्यांना अचानक मेल येणे बंद झाले. त्यांचे मेलबॉक्स भरलेले नाहीत, पत्तेही बरोबर आहेत. मग मेलमन त्यांना का थांबवते?

लिस्ट_मेंबर्सला --नोमेल=बायबाउन्स देऊन पाहा; बाउन्समुळे, म्हणजे मेल परत आल्याने, थांबवलेले सगळे दिसतील. आता त्यांच्या पत्त्यांकडे पाहा. बहुतेक एकाच मोठ्या मेलसेवेचे असतील तर कारण जवळजवळ नक्की डीमार्क आहे, म्हणजे 'फ्रॉम' मधल्या डोमेनशी न जुळणाऱ्या मेलचे काय करायचे याचे त्या डोमेनने जाहीर केलेले धोरण.

एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे धोरण 'रिजेक्ट' केले, पाठोपाठ एओएलनेही. याहूच्या पत्त्यावरून कोणी लिस्टवर लिहिले की मेलमन त्याच्याच नावाने ते पुढे पाठवते. पण मेल निघते तुमच्या सर्व्हरवरून, आणि विषयाला लागलेला चौकटी कंस किंवा खालची तळटीप यांमुळे मेलची मूळ डिजिटल सहीही तुटते. घेणारा सर्व्हर ती परत पाठवतो. बाउन्सचा गुण मात्र लिहिणाऱ्याच्या खात्यात जात नाही, घेणाऱ्याच्या खात्यात जातो. दिवसाला फार तर एक गुण, आणि मूळ मर्यादा ५.०. असे पाच दिवस भरले की ज्याचा काही दोष नाही त्याची मेल बंद. हा अन्याय आहे, आणि तो निस्तरणे व्यवस्थापकाचे काम आहे.

२.१.१८ पासून त्यावर सोय आहे. कॉन्फिग_लिस्ट -ओ ने सेटिंग एका फाइलमध्ये काढा आणि वाचा. मग वेगळ्या छोट्या फाइलमध्ये एकच ओळ लिहा: डीमार्क_मॉडरेशन_ॲक्शन = १. ती कॉन्फिग_लिस्ट -आय ने चढवा. आधी -सी लावले तर फाइल तपासून मिळते, बदल होत नाही. १ म्हणजे कडक धोरण असलेल्या डोमेनपुरता 'फ्रॉम' मध्ये लिस्टचा पत्ता घालणे. २ ने मूळ मेल दुसऱ्या मेलमध्ये गुंडाळली जाते. फोनवर ती वाचताना त्रास होतो, म्हणून आमची पसंती १ ला.

थांबलेल्यांना पुन्हा सुरू करायला विथलिस्ट लागते; तिच्यात लिस्ट पायथनमधून हाताळता येते. लिस्ट -एल ने लॉक करून उघडा, प्रत्येकाला सेटडिलिव्हरीस्टेटसने ० द्या आणि शेवटी सेव्ह करा. ० दिले की बाउन्सचा जुना हिशेबही पुसला जातो. हे फक्त ४, म्हणजे बाउन्समुळे बंद, हा स्टेटस असलेल्यांनाच करा. २ म्हणजे ज्यांनी स्वतः मेल बंद केली आहे. त्यांच्या इच्छेत हात घालू नये.

प्रश्न: मंजुरीसाठी थांबलेल्या स्पॅमचा इतका ढीग झाला आहे की वेबचे पान उघडतच नाही. डेटा फोल्डरमधल्या फाइली आरएमने उडवू का?

नको. त्या फाइलींची नोंद रिक्वेस्ट.पीसीके मध्ये राहते आणि नसलेल्या मेलबद्दल रोज आठवण येत राहते. डिस्कार्ड ही कमांड याच कामासाठी आहे. हजारो फाइली थेट दिल्या तर शेल 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणून नकार देतो, म्हणून 'फाइंड' चे आउटपुट 'एक्सआर्ग्ज' मधून डिस्कार्डला द्या. एक खाच आहे. लिस्टचे नाव 'सभा' असेल आणि दुसरी लिस्ट 'सभा-कार्यकारी' असेल, तर हेल्डएमएसजी-सभा-* या नमुन्यात दोन्ही लिस्टच्या मेल सापडतात. डॅशनंतर [०-९] लिहिले की फक्त पहिलीच्या मेल उरतात. हे आकडे अर्थात रोमन हवेत. शंका असेल ती फाइल आधी डंपडीबीने उघडून वाचा.

ढीग पुन्हा साचू नये म्हणून जेनेरिक_नॉनमेंबर_ॲक्शन, म्हणजे सदस्य नसलेल्यांच्या मेलचे काय करायचे ते, ३, म्हणजे टाकून देणे, ठेवा. २ ठेवला तर स्पॅममधल्या खोट्या पाठवणाऱ्यांना तुमचा सर्व्हर नकाराची पत्रे धाडतो आणि स्वतःच काळ्या यादीत जातो.

प्रश्न: लिस्ट_मेंबर्स -एफ मध्ये सदस्यांची मराठी नावे प्रश्नचिन्हे होऊन दिसतात. नावे गेली का?

बहुधा नाही. ही कमांड पायथन २ च्या मूळ एन्कोडिंगमध्ये, म्हणजे देवनागरी न जाणणाऱ्या आस्कीत छापते. जे त्यात बसत नाही त्याचे '?' होते. वेबच्या सदस्ययादीत नाव नीट दिसले तर ते शाबूत आहे. मात्र हे आउटपुट नावांचा बॅकअप म्हणून ठेवू नका, त्यातून देवनागरी परत मिळणार नाही.

प्रश्न: मेलमन ३ वर गेल्यावर हे सगळे पुन्हा शिकावे लागेल का?

थोडेसेच. एकच 'मेलमन' कमांड आणि तिच्यापुढे मेंबर्स, ॲडमेंबर्स, सिंकमेंबर्स असे शब्द. सिंकमेंबर्सचा कोरडा सराव तिथेही -एन नेच होतो. या कमांड रूटने नव्हे, मेलमनच्या युजरनेच चालवा. मेलमन २.१ ज्यावर चालते त्या पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हा जाणे टाळू नका. आधी मेलमन क्रिएट, मग इम्पोर्ट२१ ला जुनी कॉन्फिग.पीसीके. मंजुरीसाठी थांबलेल्या मेल सोबत येत नाहीत, म्हणून तो ढीग जुन्या सर्व्हरवरच संपवा. जुन्या संग्रहाची एमबॉक्स फाइल हायपरकिटीत (मेलमन ३ च्या वेब संग्रहात) भरण्याआधी क्लीनआर्च या कमांडमधून काढा. मजकुरात 'फ्रॉम' ने सुरू होणारी ओळ असली की एका मेलच्या दोन होतात.