पुंटा कानाचा आठवडा : जावे, पण या एप्रिलमध्ये नव्हे

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करतो. पत्नी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असून तिला काम करण्याची परवानगी नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा चार वर्षांचा असून त्याचा जन्म इथलाच आहे. सहा वर्षांत भारतवारी सोडली तर आम्ही कुठेही गेलेलो नाही. एप्रिलमधील शाळेच्या सुट्टीत डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुंटा काना येथे समुद्रकाठच्या ऑल-इन्क्लुझिव्ह (राहणे, खाणे-पिणे एकाच दरात असलेल्या) रिसॉर्टमध्ये सात रात्री राहण्याचा विचार आहे. विमानासह सगळा खर्च ७,८०० डॉलर आहे. आगाऊ ४०० डॉलर कार्डावर भरले असून ते ३१ जानेवारीपर्यंत परत मिळू शकतात. बचत खात्यात १९,००० डॉलर आहेत, घरखर्च महिना ५,६०० डॉलर आहे आणि सगळे जाऊन ९०० डॉलर उरतात. कार्डावर २३ टक्के व्याजाने ४,२०० डॉलर थकले आहेत, त्यापोटी महिना ३०० डॉलर भरतो. डिसेंबरात भाच्याच्या लग्नासाठी पुण्याला जायचे आहे, त्याची तिकिटे ६,००० डॉलरची होतील. एजंट सहलीसाठी बारा बिनव्याजी हप्ते देण्यास तयार आहे. हप्ते घ्यावेत, बचत वापरावी, की ४०१(के) या निवृत्ती बचत खात्यातून कर्ज काढावे? पासपोर्टवरील व्हिसा गेल्या सप्टेंबरात संपला आहे, मात्र आय-७९७ या मंजुरीपत्राची मुदत २०२८ पर्यंत आहे.

उत्तर : तुम्ही विचारलेल्या तीन मार्गांपैकी एकही मी सुचवणार नाही, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे, परंतु आधी पैशांचे पाहू, कारण व्हिसाचा प्रश्न नसता तरीही एप्रिलला माझा विरोधच राहिला असता.

कार्डावरील थकबाकी बचतीतून आजच फेडावी. २३ टक्के दराने ४,२०० डॉलरवर महिन्याला सुमारे ८० डॉलर व्याज लागते, तर तेच ४,२०० डॉलर बचत खात्यात चार टक्क्यांनी ठेवले तरी महिन्याला १४ डॉलर मिळतात. गाठीशी रक्कम दिसत राहिली की धीर वाटतो हे खरे, पण त्या धीरासाठी तुम्ही दर महिन्याला साठ-पासष्ट डॉलर मोजत आहात. थकबाकी फिटल्यावर बचत १४,८०० डॉलर राहील आणि हप्त्याचे ३०० डॉलर मोकळे होऊन महिन्याची शिल्लक १,२०० डॉलर होईल. या दोन आकड्यांवरच पुढचा सगळा हिशेब उभा आहे.

जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत १४,८०० चे १८,४०० डॉलर होतील आणि सहलीचे ७,८०० डॉलर गेल्यावर एप्रिलमध्ये हाती १०,६०० डॉलर, म्हणजे दोन महिन्यांच्या घरखर्चापेक्षाही कमी रक्कम राहील. दोन पगार असलेल्या आणि ग्रीन कार्ड मिळालेल्या कुटुंबाला मी कदाचित एवढ्यावरही जाऊ दिले असते. तुमच्या घरात पगार एकच आहे, आणि एच-१बी वरील नोकरी गेली तर दुसरी शोधण्यासाठी, नाहीतर देश सोडण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत घराचा करार मोडणे, सामान हलवणे, ऐनवेळची चार तिकिटे काढणे असे नेहमीच्या घरखर्चात न बसणारे खर्च एकदम अंगावर येतात. म्हणून तुमच्यासारख्यांचा आपत्कालीन निधी तीन महिन्यांचा नव्हे, निदान चार ते सहा महिन्यांचा असावा, असा माझा आग्रह असतो.

बिनव्याजी हप्त्यांविषयी एवढेच म्हणता येईल की महिना ६५० डॉलरचा हप्ता तुमच्या आजच्या ९०० डॉलरच्या शिलकीतून निघू शकतो, पण सहल संपल्यावरही तो कित्येक महिने मागे लागलेला राहतो, आणि नोकरी गेली म्हणून थांबत नाही. ४०१(के) मधील कर्जाचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण नोकरी सुटली आणि उरलेले कर्ज त्या वर्षीचे कर विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत फेडता आले नाही, तर ती रक्कम काढून घेतली असे धरून तिच्यावर प्राप्तिकर आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आत असल्यास वर दहा टक्के दंड लागतो.

आता व्हिसाकडे वळतो. आय-७९७ मुळे तुम्हाला अमेरिकेत राहून काम करता येते. बाहेर जाऊन परत येण्यासाठी पासपोर्टवर चालू व्हिसा लागतो. मुदत संपलेल्या व्हिसावर परत येण्याची जी सवलत आहे, ती एच-१बी आणि एच-४ धारकांना फक्त कॅनडा व मेक्सिकोच्या तीस दिवसांपर्यंतच्या फेरीसाठी मिळते. कॅरिबियन बेटांसाठी ती केवळ एफ आणि जे व्हिसावरील विद्यार्थी व देवाणघेवाण कार्यक्रमांतील अभ्यागतांना आहे. तुमच्या ऑफिसातील एखादा सहकारी कानकूनला असा जाऊन आला असेल आणि ‘काही होत नाही’ असे सांगत असेल, तर तो मेक्सिकोला गेला होता हे लक्षात ठेवावे. शिवाय डॉमिनिकन प्रजासत्ताक भारतीय पासपोर्टधारकांना वेगळ्या व्हिसाशिवाय आत घेते ते अमेरिकेचा किंवा अशाच काही देशांचा चालू व्हिसा अथवा ग्रीन कार्ड पाहूनच, त्यामुळे अडचण बहुधा नेवार्क विमानतळाच्या चेक-इन काउंटरवरच उभी राहील. तिथेच जवळच्या वकिलातीतून स्टॅम्पिंग (पासपोर्टवर नवा व्हिसा) करून येऊ, असाही विचार करू नये, कारण २०२५ च्या सप्टेंबरपासून अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे धोरण आहे. तुमच्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाकडून हे सारे लेखी पडताळून घ्यावे. एजंटाला हे ठाऊक असण्याची अपेक्षा नाही; त्याने तुम्हाला खोली विकली आहे, परतीचा प्रवेश विकलेला नाही.

म्हणजे क्रम उलटा करावा लागेल : आधी पुणे, तिथे स्टॅम्पिंग, आणि त्यानंतर कॅरिबियन. तुम्ही, पत्नी आणि मुलगी अशा तिघांचे (मुलगा इथे जन्मल्याने त्याला हा व्हिसा लागत नाही) प्रत्येकी २०५ डॉलरप्रमाणे ६१५ डॉलर अर्जशुल्क डिसेंबरच्या खर्चात धरावे. २०२५ च्या डिसेंबरात भारतातील वकिलातींनी दिलेल्या तारखा मोठ्या प्रमाणावर पुढे ढकलल्या गेल्या आणि कित्येक जण तिकडेच अडकून पडले. हे ध्यानात घेऊन मुलाखतीची तारीख मिळाल्याशिवाय परतीचे बदलता न येणारे तिकीट काढू नये, आणि तिकडून काही आठवडे काम करण्याची परवानगी मिळेल का, हे कंपनीला आधीच विचारून ठेवावे. तसे घडले तर इथले घरभाडे चालूच राहणार असल्याने निधी भरलेला असणे या वर्षी अधिकच गरजेचे आहे.

या क्रमाने गेल्यास १४,८०० डॉलरमध्ये वर्षभराचे १४,४०० डॉलर पडतील आणि पुण्याची तिकिटे व व्हिसाशुल्क वजा जाता डिसेंबरअखेर २२,५८५ डॉलर, म्हणजे चार महिन्यांचा खर्च हाती राहील. त्यानंतर पाच महिन्यांत आणखी ६,००० डॉलर जमतील आणि पुढच्या वर्षीच्या जूनअखेरची सहल त्या सहा हजारांतच बसवता येईल, निधीला हात न लावता. एप्रिलमध्ये जाऊन पुन्हा डिसेंबरात पुणे गाठले असते, तर वर्षअखेर १४,७८५ डॉलर उरले असते.

सहल सहा हजारांत कशी बसेल, हे सांगण्यापूर्वी या रिसॉर्टांच्या दराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या कुटुंबाला तो सौदा वाटतो तितका किफायतशीर नाही. दर ठरवताना सरासरी पाहुणा किती खाईल आणि किती पिईल याचा अंदाज बांधलेला असतो, आणि त्यात बारचा वाटा मोठा असतो. खानावळीतल्या अमर्याद थाळीप्रमाणेच इथेही भरपूर खाणाऱ्याचे बिल मोजके खाणारा उचलतो. तुम्ही दोघे मद्य घेत नसाल, शाकाहारी असाल आणि मुले लहान असतील, तर शेजारच्या खोलीतील पाहुण्यांच्या मद्याचा काही भाग तुमच्या खिशातून जाणार हे निश्चित समजावे. तरीही हा दर सर्वस्वी वाया जातो असे मी म्हणणार नाही. मुलांसाठी दिवसभर चालणारा किड्स क्लब, कोणत्याही वेळी मिळणारे खाणे आणि आठवड्याचा खर्च आधीच ठाऊक असणे, यांनाही काही किंमत आहे. शिवाय पुंटा काना आणि बावारो भागातील बरीच रिसॉर्टे किनाऱ्यालगत इतकी स्वतंत्र वसलेली आहेत की बाहेर जेवायचे म्हटले तर टॅक्सी करावी लागते, त्यामुळे फक्त खोली घेऊन तिथे फारशी बचत होत नाही.

त्याच किनाऱ्याच्या दक्षिणेकडील बायाहिबेचे तसे नाही. ते मुळात कोळ्यांचे गाव असून पुंटा काना विमानतळापासून साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे मोठी रिसॉर्टेही आहेत आणि पायी जाता येईल अशी साधी उपाहारगृहेही. साओना बेटाच्या बोटी तिथूनच सुटतात, त्यामुळे बावारोहून बसने जाण्याचा वेळ वाचतो. उन्हाळ्यात किनाऱ्यावर साचणाऱ्या आणि कुजल्यावर दुर्गंधी सोडणाऱ्या सार्गासम या तपकिरी समुद्रशेवाळाचा त्रासही पूर्वेकडील उघड्या किनाऱ्यापेक्षा या आडोशाच्या बाजूला कमी होतो. २०११ पासून हे शेवाळ कॅरिबियनमध्ये मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आहे आणि जून हा त्याच्या ऐन बहराचा काळ असतो, म्हणून जूनमध्ये जायचे तर जागा विचारपूर्वक निवडावी लागेल.

तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकात विमानाचे १,९२०, खोलीचे सात रात्रींचे ५,०४०, ने-आण करण्याचे १२०, विम्याचे २४० आणि वरखर्चाचे ४८० डॉलर आहेत. जूनअखेर शाळा सुटल्यावर विमानाला १,४४० आणि सहा रात्रींना रोज ५२० प्रमाणे ३,१२० डॉलर धरले, तर ने-आण, २०० डॉलरचा विमा आणि ४०० डॉलरचा वरखर्च मिळून ५,२८० डॉलर होतात. दर पाहताना त्यात १८ टक्के विक्रीकर आणि १० टक्के सेवाशुल्क धरले आहे की नाही, हे तेवढे विचारावे, कारण २८ टक्क्यांचा फरक शेवटच्या पानावर कळणे परवडत नाही. सात रात्री म्हटल्या तरी पहिल्या दिवशी खोली दुपारी उशिरा मिळते आणि शेवटच्या दिवशी सकाळी सोडावी लागते, म्हणून एक रात्र कमी केल्याने फारसे काही बिघडत नाही. मात्र चार रात्रींवर आणण्यातही अर्थ नाही, कारण विमानाचा खर्च तोच राहतो.

अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो आणि त्याचा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत राहतो. जूनअखेर धोका कमी असला तरी शून्य नसतो : २०२४ मध्ये बेरिल हे वादळ १ जुलैलाच ग्रेनाडाच्या कारियाकू बेटावर आदळले. विमा घ्यायचा तर आगाऊ रक्कम भरतानाच घ्यावा, कारण वादळाला एकदा नाव मिळाले की त्यानंतर घेतलेल्या विम्यात ते वादळ धरले जात नाही. कोणत्याही कारणाने रद्द करण्याची मुभा देणारे विमे बहुधा पहिली रक्कम भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आतच मिळतात आणि खर्चाच्या ५० ते ७५ टक्केच परत करतात. तुमच्या नोकरीची अनिश्चितता पाहता तुम्ही हा महागडा प्रकार घ्यावा, असे मला वाटते. इतरांना मी तो क्वचितच सुचवतो.

रिसॉर्टमध्ये पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी कोणी ‘व्हेकेशन क्लब’च्या, म्हणजे सुट्ट्यांचे सभासदत्व विकण्याच्या, तासा-दीड तासाच्या सादरीकरणाला बोलावले आणि त्याबद्दल फुकट सहल किंवा मसाज देऊ केला, तर जाऊ नये. तिथे होणारी सही हजारो डॉलरची असू शकते, आणि पाच हजारांच्या सहलीचा सगळा हिशेब त्या एका सकाळी मोडतो.

या उन्हाळ्यात मुलांचे काय, हा प्रश्न उरतो. भारतवारी ही सुट्टी नसते, पाहुणचारांची रांग असते, हे तुमच्या पत्रातील न लिहिलेले म्हणणे मला मान्य आहे. समुद्रच हवा असेल, तर न्यू जर्सीच्याच किनाऱ्यावरील केप मे गाडीने गाठता येते. कॅरिबियनचेच पाणी हवे असेल, तर पोर्तो रिको हा अमेरिकेचा भाग असल्याने नेवार्कहून तिथे थेट जाऊन येण्यासाठी व्हिसाचा प्रश्न येत नाही, मूळ कागदपत्रे मात्र जवळ ठेवावीत. तिथे ऑल-इन्क्लुझिव्ह पद्धतीची हॉटेले फारशी नाहीत, त्यामुळे जेवणाचा खर्च वेगळा धरावा लागेल. दोन हजारांच्या आत चार दिवस होत असतील तर जावे. तेवढ्याने डिसेंबरचा निधी साडेतीन महिन्यांवर येईल, आणि तो धोका मी स्वीकारार्ह मानतो.

एजंटाला सहल रद्द करत असल्याचे ३१ जानेवारीपूर्वी ईमेलने कळवावे, फोनवर नव्हे, आणि ४०० डॉलर ज्या कार्डावरून भरले त्याच कार्डावर परत येतील याची लेखी पोच घ्यावी. थकबाकी तोवर फेडलेली असली तरी ते कार्डावर जमा होतील, म्हणजे बचतीतून तेवढेच कमी गेल्यासारखे होईल. वरच्या हिशेबात मी ही रक्कम धरलेली नाही.